डाव्या पायाचा दिवस

पहाटे 5.15

उठल्यावर पहिलं काम चहाचं नाही. आधी वावरात जाऊन हात ओला करून यायचा. मार्चचा शेवटचा आठवडा आहे. दुपारी ऊन टाळू भाजून काढतं, पण निफाडची पहाट अजून गोधडी सोडू देत नाही. थंडीत सर्वांत खाली गेलेला पारा म्हणून ज्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचं नाव पेपरात येत राहतं, त्याच शिवाराच्या हवेत आम्ही राहतो. त्यात उशाला कालव्याची चारी. दव पडणारच.

बॅटरी घेऊन आधी घासाच्या तुकड्यात गेलो. लसूणघासाला आमच्याकडे नुसतं ‘घास’म्हणतात. परवा आडवा केलेला अर्धा एकर ओळींनी पडलाय. ओंजळभर उचलून पिळला, पाला काडीला धरून राहिला. चांगलं झालं. मग बांध ओलांडून शेजारच्या नानांच्या वावरात गेलो आणि गव्हाच्या काडात हात घातला. मनगटापर्यंत गार लागलं. हे वाईट.

दव एकच, पण घासाला ते हवं असतं आणि काडाला नको असतं. घासाचं सगळं सत्त्व पाल्यात. कोरड्या घासाला उन्हात हात लावला तर पाला चुरा होऊन मातीत जातो आणि गाठीत नुसत्या काड्या उरतात. म्हणून घास उलटायचा तो पहाटे, पाला दवानं नरम असताना. गव्हाच्या काडाला पालाच नाही. ते ओलं बांधलं तर आतून बुरशी धरतं आणि गाय तोंड फिरवते. त्यामुळे माझ्या दिवसाचे दोन भाग पडतात: दवाच्या आतला आणि दवानंतरचा.

सकाळी 6.00

ट्रॅक्टर उतारावर उभा असतो. कायम. बॅटरी नवी टाकून दोन वर्षं झाली, तरी ही सवय सुटलेली नाही. माझे वडील, आबा, म्हणतात, “उतार कधी डिस्चार्ज होत नाही.” त्यांनी हा ट्रॅक्टर 1986 साली घेतला, 35 हॉर्सपॉवरचा. त्या काळी आमच्याकडे कोणी इंटरनॅशनलवाला, कोणी मॅसीवाला, कोणी एचएमटीवाला असायचा, आज माणसं पक्षाची असतात तशी. आमचा कोणता ते सांगत नाही. उरलेले दोघं वाद घालायला बांधावर येतील.

बेलर मात्र जुना नाही. चौघांनी वर्गणी काढून सेकंडहँड घेतलेला, छोट्या गोल गाठी बांधणारा. लांबून पाहिलं तर पाण्याच्या टाकीला चाकं लावल्यासारखा दिसतो. खाली तारांचे दात काड उचलतात, आत रोलर फिरतात, त्यांच्यामध्ये काड गुंडाळत जातं आणि गाठ तयार होते. आजोबा आणि नातू एका जोखडाला बांधावेत, तशी ही जोडी.

ग्रीस गन घेऊन बेलरचे सगळे निपल भरले, साखळ्यांना तेल सोडलं. मग एअर क्लीनर. जुन्या इंजिनाचा एअर क्लीनर तेलाचा असतो. खालच्या वाटीत तेल असतं आणि आत येणारी हवा त्यात धूळ टाकून पुढे जाते. नांगरटीला आठवडाभर पुरणारं हे तेल बेलिंगच्या कामात एका दिवसात चिखल होतं. वाटी काढली, धुतली, नवं तेल भरलं. रेडिएटरच्या पुढे द्राक्षबागेतलं जुनं शेडनेट दुहेरी करून बांधलं, म्हणजे भुसकट जाळीवर अडेल आणि हवा आत जाईल. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. एका दुपारी इंजिन उकळलं तेव्हा सुचलं.

सगळ्यात शेवटी क्लचचं पेडल. ते हातानं दाबून बघायचं. पहिलं दीड बोट सैल गेलं पाहिजे, त्यानंतर जोर लागला पाहिजे. सैलपणा संपला की प्लेट पुरती चिकटत नाही, घसरते, जळते. आज भरलं बरोबर दीड बोट.

उतारावरून सोडला, दुसऱ्या गिअरला क्लच सोडला. एक हुंदका, काळा धूर, आणि मग तो आवाज. ओट्यावर बसलेल्या आबांनी मान हलवली. त्यांना आता नीट दिसत नाही, पण इंजिन त्यांना पाहावं लागत नाही, नुसतं ऐकावं लागतं.

सकाळी 7.15

घास उलटायला आम्ही तिघं: मी, घरची आणि भाचा. भाचा राहुरीच्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो आणि सुट्टीत आमच्याकडे येतो, म्हणजे मला शिकवायला येतो. लाकडी दाताळ्यांनी ओळी हलक्या हातानं पालथ्या घातल्या. ट्रॅक्टरमागचं दाताळंही मिळतं, पण अर्ध्या एकरासाठी ते काढायचं म्हणजे मुंगी मारायला कुऱ्हाड.

हा घास राहुरीच्याच विद्यापीठाचा आरएल-88. एकदा लावला की दोन-तीन वर्षं कापत राहायचं, महिन्याला एक कापणी. हिरवा घास रोज गुरांपुढे पडतोच. पण मार्चमध्ये वाढ जोरात असते आणि मेमध्ये पाणी तुटतं, म्हणून मार्चचा घास वाळवून मेसाठी ठेवायचा. आमच्या भागात वाळल्या चाऱ्याचं नाव काढलं की लोकांना कडबा आठवतो. घास वाळवायचा असतो हे अजून अनेकांच्या गळी उतरत नाही. वाळल्या घासात शेकडा 18-20 प्रथिनं असतात, गव्हाच्या काडात जेमतेम तीन. दोन गाठी शेजारी ठेवल्या तर सारख्याच दिसतात. गायीला फरक लांबूनच कळतो.

सकाळी 8.20

आता प्रश्न असा की बांधायला सुरुवात कधी करायची? फार लवकर बांधलं तर गाठ आतून तापते, उशीर केला तर पाला झडतो. भाच्यानं काचेची बरणी मागितली. मूठभर घास बारीक कापून बरणीत टाकायचा, वर चमचाभर कोरडं मीठ घालायचं, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवायचं. मीठ सुटं राहिलं तर घास बांधण्याजोगा. मिठाचे खडे झाले किंवा ते काचेला चिकटलं तर ओल जास्त. घरची म्हणाली, “लोणच्याची बरणी तेवढी परत आणा.”

मीठ थोडं चिकटलं. मी म्हटलं, अर्धा तास थांबू. भाचा म्हणाला, “मामा, नानांचं पाच एकर पडलंय. इथंच दहा वाजवले तर तिकडचं कधी उरकायचं?” त्याचं चूक नव्हतं. माझंही नव्हतं. मी ट्रॅक्टरवर बसलो.

पहिल्या तीन गाठी जड निघाल्या. उचलल्यावर हाताला कळतं. चौथीपासून वजन उतरलं. त्या तिघींना लाल चिंधी बांधून गोठ्याबाहेर वेगळं ठेवलं. एकूण 14 गाठी झाल्या. घासावर आपण कधी खुश होत नाही, कारण जाताना मागे पडलेला पाला दिसतोच.

सकाळी 9.40

नानांच्या वावरात काल हार्वेस्टर फिरला. मार्चमध्ये पंजाबहून ही मोठी मशीनं येतात. सोबत ड्रायव्हर, हेल्पर, त्यांचे गॅसचे शेगडी-सिलेंडर आणि रात्रीपर्यंत वाजणारी गाणी. एकरभर गहू बघता बघता मळून देतात आणि पुढच्या गावाला जातात. दाणा नानांचा, कौतुक हार्वेस्टरचं आणि मागे पडलेलं काड माझं. म्हणजे निम्मं माझं. मजुरी रोख घेण्याऐवजी मी निम्म्या वाट्यानं बांधतो. नाना खुश, कारण पूर्वी ते पेटवून द्यायचे.

हार्वेस्टरवाल्याला आधी एक सांगावं लागतं: मागे काड पसरवणारं काही लावलं असेल तर काढ, काड एका ओळीत पडू दे. काल सांगितलं, त्यानं “हां जी”म्हटलं आणि ओळ पाडली. सगळेच ऐकतात असं नाही.

आबांच्या लहानपणी गहू छातीइतका वाढायचा म्हणे. साठीच्या दशकात मेक्सिकोतून बुटक्या वाणांचं रक्त आलं, ताट आखूड झालं आणि सगळं बळ ओंबीत गेलं. आमच्या कुंदेवाडीच्या केंद्रातून पुढे त्र्यंबक, तपोवन, फुले समाधान हे वाण निघाले. दाणा वाढला, तांबेरा आवरला, पण काडाचा हिशेब कुणी ठेवला नाही. कुणी ठेवायचा? काड विकलं जाईल असं तेव्हा कुणाला वाटलंच नव्हतं.

ओळीत पुन्हा हात घातला. वरचं कोरडं, तळाचं दमट. आणखी अर्धा तास. त्या अर्ध्या तासात चहा आणि नानांची सोसायटीच्या निवडणुकीवरची मतं. दोन्ही कडक.

सकाळी 10.30

आता खरं काम. इथं जरा थांबून सांगितलं पाहिजे, कारण पुढचे सहा तास याच एका गोष्टीभोवती फिरतात.

सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरला इंजिनाची ताकद एकाच दारातून बाहेर पडते, चाकांकडे जाणारीही आणि मागचं यंत्र फिरवणाऱ्या शाफ्टकडे, म्हणजे पीटीओकडे जाणारीही. पेडल दाबलं की दार बंद होतं, म्हणजे चाकंही थांबतात आणि पीटीओही. डबल क्लचवाल्याला दोन दारं असतात. पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पीटीओ फिरत राहतो. पूर्ण दाबलं तरच दोन्ही बंद. आमचा एका दाराचा.

नांगराला, पाळीला, ट्रॉलीला एक दार पुरतं. बेलरला नाही. गाठ भरली की भोंगा वाजतो. त्या क्षणी चाकं थांबायला हवीत, पण बेलर फिरत राहायला हवा, कारण गाठ फिरेल तेव्हाच तिच्यावर सुतळी गुंडाळली जाईल. डबल क्लचवाला अर्धा पाय दाबून बसून राहतो. मी काय करतो? पेडल पूर्ण दाबतो, सगळं थांबतं. गिअर काढून न्यूट्रल करतो आणि पेडल सोडतो, की बेलर पुन्हा फिरू लागतो. सुतळी गुंडाळली जाते, तुटते. हायड्रॉलिकचा दांडा ओढला की मागचं दार उघडतं आणि गाठ लोळत बाहेर पडते. दार बंद. पुन्हा पेडल, पुन्हा गिअर, पुढे. एका गाठीला डावा पाय दोनदा. आज अडीचशेच्या वर गाठी झाल्या तर पाचशेच्या वर वेळा. संध्याकाळी जिना चढताना हा हिशेब गुडघा मांडतो.

भाचा म्हणाला, जगानं हे कोडं कधीच सोडवलंय. कॅनडातल्या कॉकशट कंपनीनं 1946 साली ‘30’नावाचा ट्रॅक्टर काढला, त्याचा पीटीओ चाकांपासून स्वतंत्र होता. आणि आमच्यासारख्या छोट्या गोल गाठी बांधणारं यंत्र अमेरिकेत ॲलिस-चाल्मर्स कंपनीनं 1947 पासून विकायला आणलं. त्यालाही प्रत्येक गाठीला थांबावं लागायचं, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ट्रॅक्टरला हाताचा दुसरा क्लच दिला. हे ऐकून मी चाळीस वर्षं मागे गेलो आणि आबांचा थोडा राग आला. मग लक्षात आलं, 1986 साली आबांना पुढे कधी बेलर चालवायचा आहे हे कोण सांगणार होतं? ते उसाची ट्रॉली ओढायला ट्रॅक्टर घेत होते.

भोंगा वाजल्यावरचं थांबणं सोपं आहे. अवघड आहे ते भोंग्याआधीचं. ओळ सगळीकडे सारखी नसते. गहू जिथं दाट, तिथं काडाची ओळ गुडघ्याएवढी होते. बेलरच्या तोंडात एकदम जास्त काड गेलं की इंजिनाचा आवाज खाली बसतो. साधा माणूस काय करेल? ॲक्सिलेटर कमी करेल. पण ॲक्सिलेटर कमी केला तर पीटीओही मंदावतो, रोलर आणखी दमतात, काड कोंबलं जातं. बेलरला मिनिटाला 540 फेरे लागतात, कमी चालत नाहीत. आमचा फेऱ्यांचा काटा बंद पडून पंधरा वर्षं झाली. भाच्यानं मागच्या वर्षी कॉलेजातून टॅकोमीटर आणून फेरे मोजले आणि हँड ॲक्सिलेटरच्या पट्टीवर पांढऱ्या रंगाची खूण केली. बेलिंग चालू असताना हात त्या खुणेवरून हलवायचा नाही. वेग कमी करायचा तर गिअरनं, आणि गिअर बदलायचा तर क्लच, आणि क्लच दाबला तर तोंडात घास असतानाच बेलर थांबणार. पुन्हा सोडताना त्या भरल्या पोटावर झटका बसणार.

म्हणून युक्ती एकच: दाट ओळ दहा पावलं आधी ओळखायची. ती आली की स्टिअरिंग जरासं वळवून बेलरचं तोंड ओळीच्या बाहेर काढायचं. दोन-तीन सेकंदांत आतलं काड आत गिळलं जातं. आवाज मोकळा झाला की मग क्लच, खालचा गिअर, आणि पुन्हा ओळीवर. डबल क्लचवाल्याला हे शिकावं लागत नाही, त्याचा पाय चूक पोटात घालतो. मला पुढे बघावं लागतं आणि मागचं ऐकावं लागतं. मागे वळून बघत चालवणारा बेलरवाला फार दिवस टिकत नाही. एक तर ओळ चुकते, नाही तर मान.

बाकी सिंगल क्लचचं एक वेगळंच भय आहे, ते बेलरचं नाही, स्लॅशरचं. गवत कापायच्या स्लॅशरची पाती जड. एकदा फिरली की पेडल दाबलं तरी फिरत राहतात. आणि क्लचनं इंजिन तोडलं तरी पीटीओ गिअरबॉक्सला जोडलेलाच असतो. मग ती पातीच ट्रॅक्टरला पुढे ढकलतात. काही वर्षांपूर्वी पडीक तुकड्यात मी पाय पूर्ण दाबला, ट्रॅक्टर थांबेल म्हणून निर्धास्त, आणि तो शांतपणे चालत बांधावर चढला. ब्रेकनं वाचलो. त्या संध्याकाळीच लेथवाल्याकडून फ्री-व्हील बसवून आणलं, सायकलच्या मागच्या चाकात असतं तसं: इंजिन पातं फिरवू शकेल, पातं ट्रॅक्टरला ढकलू शकणार नाही. ज्याच्याकडे जुना ट्रॅक्टर आणि स्लॅशर आहे, त्यानं हे वाचून आजच बसवावं.

दुपारी 1.00

जेवण बाभळीखाली. भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा. कांदा अर्थातच नवा, उन्हाळ. या दिवसांत आमच्या तालुक्यात माणूस मिळणं कठीण. निम्मे हात द्राक्षाच्या काढणीला, निम्मे कांद्याच्या. लासलगाव आणि पिंपळगावच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांची रांग. काड गोळा करायला माणूस कुठून येणार? बेलर आमच्याकडे हौसेनं आला नाही.

नानांनी विचारलं, “नवा का नाही घेत रे? डबल क्लचचा? पायाचं बघ की.” दर वर्षी विचारतात. गव्हाचे तीस-पस्तीस दिवस, दिवाळीच्या आधी सोयाबीनच्या भुसाचे थोडे, मक्याचे थोडे. वर्षातले साठ दिवस धरा. उरलेले तीनशे दिवस काय? हप्ता शेडमध्ये उभा राहील, आणि तो उभा असताना डिझेल पीत नसला तरी रक्त पितो. जुन्या ट्रॅक्टरचा हप्ता 1993 सालीच फिटला. आता तो पैशात काही मागत नाही. मागतो ते पायात, कानात आणि ग्रीसमध्ये. नाना म्हणाले, “पाय काय फुकट आलाय?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कांदा फोडला.

दुपारी 2.10

ज्याची भीती होती तेच. वावराच्या टोकाला हार्वेस्टर वळताना थांबला असणार, तिथं काडाचा ढीग पडला होता. मी ओळीवर होतो, पोट जड होतं, डोळ्यांवर ऊन होतं. तोंड बाहेर काढायला एक सेकंद उशीर झाला. आवाज बसला, क्लच दाबला, सोडला, आणि ‘टक्’. मग भयाण शांतता. इंजिन चालू, बेलर मेलेला.

शिअर बोल्ट तुटला. त्याचं कामच तुटायचं आहे. गिअरबॉक्स मोडण्याऐवजी चार रुपयांचा बोल्ट मोडावा म्हणून तो साधा, मऊ असतो. काही हुशार लोक वैतागून तिथं कडक बोल्ट टाकतात. मग बोल्ट शाबूत राहतो आणि बेलर ट्रॉलीतून घरी जातो. आमच्या डब्यात फक्त साधेच बोल्ट आहेत, पंधरा-वीस.

भाचा लगेच तोंडातलं काड उपसायला वाकला. मी ओरडलो. जोरात ओरडलो, नाना दचकले. इंजिन बंद केल्याशिवाय बेलरला हात नाही, हा आमचा एकच नियम आणि त्याला सवलत नाही. शाफ्ट मिनिटाला 540 म्हणजे सेकंदाला नऊ फेरे मारतो. सदऱ्याचं टोक अडकलं तर ‘अरे’म्हणेपर्यंत माणूस गुंडाळला जातो. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर जुन्या ट्रॅक्टरांवर बहुधा फुटलेलं असतं. मी ते गेल्या वर्षी नवं टाकलं. बेलरची किंमत बघता ही सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि हीच कुणी घेत नाही. तोंडाला बांधलेल्या उपरण्याची टोकंही मी सदऱ्याच्या आत खोचतो.

बंद केला, गिअरमध्ये ठेवला. हातानं काड उपसायला वीस मिनिटं लागली. नवा बोल्ट टाकला.

बंद आहेच तर शेडनेट झटकलं, खराट्यानं सायलेन्सरभोवतीचं भुसकट काढलं. वाळलेलं काड, तापलेला सायलेन्सर आणि दुपारचा वारा एकत्र आले की ठिणगीला निमित्त लागत नाही. बांधावर धाकट्या भावाचा छोटा ट्रॅक्टर द्राक्षाच्या फवारणीच्या ब्लोअरसह उभा आहे, 600 लिटरची टाकी नुसत्या पाण्यानं भरून. द्राक्षाच्या गावात अग्निशमन दल असं प्रत्येकाच्या शेडमध्ये असतं, फक्त ते वावरात आणून ठेवण्याची आठवण लागते.

दुपारी 3.00 ते 5.30

या अडीच तासांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि हेच दिवसातलं सगळ्यात चांगलं काम. ओळ, भोंगा, पाय, न्यूट्रल, पाय, दार, पाय, गिअर. इंजिन एका सुरात. मागे गाठी ओळीनं पडत जातात, उलटलेल्या रांजणांसारख्या.

संध्याकाळी 5.45

उगावकडचे एक द्राक्षवाले ट्रॉली घेऊन आले. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की वेलीच्या बुडाशी आच्छादन घालायला त्यांना काड हवं. माती थंड राहते, ठिबकचं पाणी पुरतं. एकेकाळी आम्ही काड जाळत होतो आणि ते बागेला आच्छादन म्हणून उसाचं पाचट लांबून आणत होते. मधे दोन-चार कोसांचं अंतर, पण सुटं काड वाहून नेणं परवडत नव्हतं. गाठ बांधली आणि ते अंतर मिटलं. माझ्या मते बेलरनं चारा कमी बनवला आणि वाहतूक जास्त.

दुसरे गिऱ्हाईक सिन्नरचे, गायवाले. त्यांचा पहिला प्रश्न, “सुतळी कोणती?” मी तागाचीच वापरतो. प्लॅस्टिकची स्वस्त पडते, तुटत नाही, पण गोठ्यात गाठ सोडताना एखादा तुकडा काडात राहतो आणि गायीच्या पोटात तो कुजत नाही, साठत जातो. तागाची सुतळी बेलरमध्ये दिवसातून तीन-चारदा तुटते, मी तेवढ्या वेळा उतरतो. जातो त्यात वेळ.

त्यांना काडावर युरियाची प्रक्रिया करायची होती, भाच्यानं समजावलं: 100 किलो काडाला 4 किलो युरिया, पन्नासेक लिटर पाण्यात विरघळवून थर थर शिंपडायचा, दाबून, हवाबंद झाकून 21 दिवस ठेवायचं. आणि युरियाचं पाणी जनावरांच्या तोंडाशी येऊ द्यायचं नाही, ते विष आहे. हे शेवटचं वाक्य त्यानं दोनदा सांगितलं. दुपारचं माझं ओरडणं कामी आलं असावं.

मोजदाद झाली: 268. निम्म्या नानांच्या, निम्म्या आमच्या. एक गाठ जास्त-कमी झाली की नाना म्हणतात, “राहू दे, बोल्टचे धर.”

संध्याकाळी 7.15

घरी. ट्रॅक्टर उतारावर लावला, गिअरमध्ये टाकला, मागच्या चाकाला दगड दिला. दिवा एकच लागतो म्हणून अंधाराआधी परतायचं, हा आणखी एक नियम त्यानंच घालून दिलेला. पेडल हातानं दाबून पाहिलं. सकाळी दीड बोट होतं, आता बोटभर. एका दिवसात अर्धं बोट. उद्या पहाटे नट फिरवावा लागेल.

आबा ओट्यावरच होते. म्हणाले, “दोनच्या सुमारास काय मोडलं?”

वावर घरापासून फर्लांगभर लांब आहे.

रात्री 9.50

झोपण्याआधी गोठ्याबाहेर गेलो. लाल चिंधीच्या तीन गाठी. पहिलीच्या मधोमध कोपरापर्यंत हात घातला. बाहेरची हवा गार झाली होती. आत गाठ गायीच्या अंगाएवढी कोमट लागली.

विळा आणून तिघींच्या सुतळ्या कापल्या, घास अंगणात पातळ पसरला. आवाजानं भाचा बाहेर आला, एकही शब्द न बोलता दुसरं दाताळं घेऊन कामाला लागला. घरची खिडकीतून म्हणाली, बरणी अजून परत आलेली नाही.